बाळाचा फोटो : नेमका कधी काढायचा?

घरात बाळ आलं की एक प्रश्न हमखास निघतो. स्टुडिओत नेऊन छानसा फोटो केव्हा काढायचा? आई म्हणते, ‘थोडं बाळसं धरू दे.’ आजी म्हणते, ‘जावळ झाल्याशिवाय नको.’ बाबा म्हणतात, ‘पुढच्या महिन्यात बघू.’ असं करता करता बाळ उभं राहतं, धावायला लागतं आणि बोळक्या तोंडाचं ते हसू फक्त आठवणीत उरतं. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, शेकडो फोटो निघतात. पण भिंतीवर लावण्याजोगा, आजी-आजोबांच्या मांडीवरचा एक नीट फोटो अनेक घरांत नसतोच.

या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर तंजावरच्या चित्रकारांनी फार पूर्वी देऊन ठेवलं आहे.

बाळकृष्णाचं वय काय?

व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावरवर भोसल्यांचं राज्य होतं. त्यांच्या आश्रयाने तिथली चित्रकला बहरली. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिकटवलेलं कापड, त्यावर खडूच्या लुकणाने दिलेला उठाव, सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे, ही तंजावर चित्राची ओळख. या चित्रांतला सर्वांत लाडका विषय म्हणजे लोणी खाणारा कृष्ण.

हा कृष्ण नीट पाहा. तो पाळण्यातला तान्हा क्वचितच असतो. बहुतेक चित्रांत तो गुबगुबीत, दंडाला वळ्या पडलेला, आपला आपण बसलेला किंवा रांगणारा असतो. एक हात जमिनीवर आणि दुसऱ्यात लोण्याचा गोळा. म्हणजे वय साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं. आजचे अनुभवी छायाचित्रकारही पहिल्या मोठ्या फोटोसाठी साधारण हेच वय सुचवतात.

देऊळ हलत नाही, मूल हलतं

1858 साली मद्रास सरकारचे छायाचित्रकार लिनियस ट्राइप यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे फोटो काढले. विमानाच्या पायथ्याचे शिलालेख टिपण्यासाठी त्यांनी 21 कागदी निगेटिव्ह वापरून एक लांबलचक पट्टी तयार केली. देऊळ हलत नव्हतं म्हणून हे जमलं. त्या काळी फोटोला बराच वेळ लागे आणि तेवढा वेळ मूल स्थिर राहणं कठीण. विलायतेत तर आईला चादरीखाली झाकून खुर्चीसारखं बसवत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवून फोटो घेत!

आता क्षणाच्या हजाराव्या भागात फोटो निघतो. अडचण कॅमेऱ्याची उरलेली नाही. प्रश्न आहे तो मुलाच्या वयाचा आणि मूडचा.

कोणत्या वयात काय मिळतं?

पहिले दोन आठवडे : बाळ बहुतेक वेळ झोपलेलं असतं, म्हणून फोटो सोपा वाटतो. पण याच काळात कावीळ, त्वचा सोलणं अशा बारीकसारीक तक्रारी असतात आणि आईही थकलेली असते. बाळाला स्टुडिओत नेण्यापेक्षा घरीच खिडकीजवळच्या उजेडात फोटो घ्यावा. हनुवटीखाली हात घेऊन झोपलेल्या तान्ह्यांचे जे फोटो दिसतात, ते बहुधा दोन फोटो जोडून बनवलेले असतात. प्रत्यक्षात कुणीतरी बाळाचं डोकं धरून बसलेलं असतं. हा प्रयोग घरी कधीही करू नये.

तीन ते चार महिने : दीड-दोन महिन्यांच्या सुमारास बाळ ओळखीचा चेहरा पाहून हसू लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान सावरतं. पालथं घालून, कोपरांवर टेकलेला फोटो आता छान येतो.

सात ते नऊ महिने : बाळ आधाराशिवाय बसतं, पण उठून पळत नाही. पहिला मोठा फोटो काढायला ही वेळ उत्तम. मात्र साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून बरीच मुलं अनोळखी माणसाला पाहून रडतात. त्यामुळे सातवा महिना संपत आला की दिवस ठरवून टाकावा.

एक वर्षाच्या आसपास : धरून उभं राहणं, पहिली पावलं. वाढदिवसाच्या दिवशीच स्टुडिओत जाण्याचा हट्ट धरू नये. त्या दिवशी पाहुणे, गोंगाट आणि अपुरी झोप असते. आठवडाभर आधी गेलेलं बरं.

दीड ते अडीच वर्षं : हा ‘नाही’ म्हणण्याचा काळ. खुर्चीवर बसवून फोटो काढायचा आग्रह नको. बागेत किंवा अंगणात खेळताना फोटो घ्यावेत. तीन वर्षांनंतर मूल सांगितलेलं ऐकतं आणि त्यात त्याला मजाही वाटते.

बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल, तर महिने जन्मतारखेऐवजी डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत.

जावळाआधी की नंतर?

तमिळ घरांत मुलाला कुलदैवताच्या देवळात नेऊन मुंडण करतात आणि मामाच्या मांडीवर बसवून कान टोचतात. आपल्याकडे जावळ असतं. म्हणूनच आजीचं म्हणणं आणि आईचं म्हणणं यांत वाद होतो. खरं तर इथे भांडायचं कारण नाही. जावळ गेल्यावर ते पहिले मऊ केस पुन्हा येत नाहीत, म्हणून एक फोटो आधीचा हवाच. आणि मुंडण केलेल्या गोल डोक्याचा फोटो पुढे सगळ्यात जास्त हसवतो, म्हणून एक नंतरचाही हवा. कान टोचल्यावर मात्र चार-आठ दिवस थांबावं. बाळ दुखऱ्या कानाला हात लावू देत नाही.

गालावरच्या तीटेचंही तसंच. ती पुसून टाकण्यावरून सासू-सुनेत बोलाचाली होण्याऐवजी ती राहू द्यावी. वीस वर्षांनी पाहताना तोच ठिपका आजीची आठवण देईल.

दिवस आणि वेळ

तंजावरकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे, तर मे महिन्यात ‘अग्नी नक्षत्रम्’चा उन्हाळा असतो. बाहेरचा फोटो हवा असेल तर पोंगलच्या सुमाराचे, जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस उत्तम. महाराष्ट्रात दिवाळीनंतर थंडी पडू लागते, तो काळ चांगला. संक्रांतीला बोरनहाण असेल तर हलव्याच्या दागिन्यांचा फोटो आपोआपच होतो.

परगावाहून किंवा परदेशातून सुट्टीवर आलेल्या नातवंडांना आल्या आल्या स्टुडिओत नेऊ नये. त्यांची झोप जागेवर यायला चार-पाच दिवस द्यावेत. मात्र परतीच्या आदल्या दिवसापर्यंतही थांबू नये. आजोबा थकलेले असतील, तर तो फोटो आधी. बाळ पुढच्या वर्षीही असेल, पण आजोबांच्या मांडीवरचा हा दिवस पुन्हा येईलच असं नाही.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

* झोप झाल्यावर आणि पोट भरल्यावर अर्ध्या तासाने वेळ ठरवावी. बहुतेक मुलांना सकाळी नऊ ते अकरा ही वेळ मानवते.
* लस टोचल्यावर दोन-तीन दिवस ताप किंवा किरकिर असू शकते. तेव्हा फोटो नको.
* जरीचं परकर-पोलकं किंवा धोतर शेवटी घालावं. आधी सुती, रोजच्या कपड्यातले फोटो घ्यावेत.
* अर्ध्या तासात फोटो झाले नाहीत तर परत यावं. पुन्हा यायची सोय आहे का, हे पैसे देण्याआधीच विचारावं.
* नेहमीच्या फ्लॅशने निरोगी बाळाच्या डोळ्यांना इजा होत नाही, पण बाळ दचकतं. फ्लॅशच्या फोटोंत बाळाची एक बाहुली वारंवार लाल न दिसता पांढरी दिसली, तर ते फोटो घेऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावं. डोळ्याच्या गंभीर आजाराची ती पहिली खूण असू शकते.

मागे तारीख लिहा

तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. सरफोजीराजांनी आपले गुरू श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ ते लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलं. मृत्युशय्येवरच्या गुरूंचा हात राजाने धरला आहे आणि शेजारी शाळेतली मुलं उभी आहेत. राजाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या मुलांचं नाव तिथे येणाऱ्याला कळत नाही.

आपल्या घरातल्या फोटोंचंही तसंच होतं. म्हणून निदान एक फोटो छापून घ्यावा आणि मागे पेन्सिलीने बाळाचं नाव, तारीख, गाव आणि कुणाच्या मांडीवर बसलं आहे ते लिहून ठेवावं. फोटोची योग्य वेळ एखादा महिना मागेपुढे झाली तरी चालेल. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणून ती टाळू मात्र नये.