आधी भाजी, मग पुस्तक

गच्चीवर भाजी लावणाऱ्याला किडीवर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. कडुनिंबाचे तेल, आंबट ताक, राख, प्रत्येकाकडे काहीतरी असतेच. खरी पंचाईत पुढे स्वयंपाकघरात होते. सकाळी टोपलीत सहा भेंड्या, मूठभर चवळीच्या शेंगा, एकच पण हातभर लांब दोडका आणि माठाची भली मोठी जुडी येते, आणि ओट्यावरचे पुस्तक म्हणते, अर्धा किलो भेंडी घ्या. बेंगळुरूतली मराठी मंडळी मला सर्वांत जास्त विचारतात ते हेच: घरची भाजी यायला लागली आहे, पाककृतींचे कोणते पुस्तक घेऊ?

या शहरात हा प्रश्न पडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी इथल्या कितीतरी लोकांना गच्चीवर सेंद्रिय भाजी लावायला शिकवले. गार्डन सिटी फार्मर्स ही संस्था २०११ पासून गच्चीबागवाल्यांचे मेळावे भरवते. हेसरघट्ट्याच्या बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का अनामिका’ भेंडीचे बी आमच्या राजाजीनगरातल्या गच्च्यांवरही पोचले आहे. बी कुठे मिळेल, माती कशी कालवावी, हे सगळे सांगायला माणसे आहेत. पीक हाती आल्यावर काय करायचे, याचे मार्गदर्शन मात्र पुस्तकांच्या दुकानात जाऊन आपले आपण शोधावे लागते.

माझे उत्तर ठरलेले आहे. जे पुस्तक भाजीपासून सुरू होते ते घ्या. बाजारातून भाजी आणणारा आधी बेत ठरवतो, मग यादी करतो. त्याला पदार्थांच्या नावांनी लावलेले पुस्तक सोयीचे पडते. गच्चीवाल्याचा क्रम उलटा. त्याच्यापुढे भाजी आधी येऊन उभी राहते, तीही तिच्या मर्जीने, तिला हव्या त्या प्रमाणात. म्हणून दुकानात उभे राहूनच पुस्तकाची परीक्षा घ्यावी. सध्या आपल्या कुंड्यांत जे आहे त्यातल्या दोन-तीन भाज्या मनात धरायच्या आणि पुस्तकात शोधायच्या. समजा दोडका घेतला. कोवळ्या दोडक्याचे काय करायचे आणि सुट्टीत गावाला जाऊन आल्यावर वेलीवर सापडलेल्या जून दोडक्याचे काय, हे दोन्ही त्यात आहे का? शिरांची चटणी आहे का? मूगडाळ घालून, दाण्याचे कूट घालून, दुधात शिजवून, अशा वेगवेगळ्या वाटा दाखवल्या आहेत का? की एकच मसालेदार रस्सा देऊन पुस्तक पुढे गेले? माठ, मायाळू, शेवग्याचा पाला, भोपळ्याच्या वेलीचे कोवळे शेंडे यांचा पत्ताच नसेल, आणि पनीर व फ्लॉवरचीच पाने भरली असतील, तर पुस्तक कितीही देखणे असो, आपल्या कामाचे नाही.

इंग्रजीत भाजीच्या नावाने लावलेल्या पुस्तकांची परंपरा चांगली रुजलेली आहे. जेन ग्रिगसन यांचे १९७८चे भाज्यांवरचे पुस्तक आजही वाचावे असे आहे. नायजेल स्लेटर यांनी लंडनमधल्या आपल्या घराच्या परसात भाजी लावली आणि त्यातून २००९ मध्ये ‘टेंडर’ लिहिले. मला मात्र सर्वांत उपयोगी पडले डेबोरा मॅडिसन यांचे २०१३चे ‘व्हेजिटेबल लिटरसी’. त्यांनी भाज्या वनस्पतींच्या कुळांप्रमाणे लावल्या आहेत. टोमॅटो, वांगे, मिरची, बटाटा एका कुळातले. गाजर, कोथिंबीर, शेपू, जिरे, ओवा दुसऱ्या कुळातले. कुळातली भावंडे ताटात एकमेकांना सांभाळून घेतात, एकाच्या जागी दुसरे पुष्कळदा चालून जाते, हे एकदा लक्षात आले की हाताशी असेल त्यावर भागवण्याचे धैर्य येते. या पुस्तकांकडे पडवळ-तोंडल्यांची अपेक्षा ठेवू नये. विचार करण्याची रीत शिकण्यासाठी ती वाचावीत. चर्च स्ट्रीटवर जुनी पुस्तके विकणारी दुकाने आहेत; नव्या प्रतीची किंमत परवडत नसेल तर तिथे जरूर चाळावे.

ही रीत परदेशातूनच यायला हवी होती असेही नाही. कर्नाटकात १०२५ साली दुसऱ्या चावुंडरायाने ‘लोकोपकार’ हा कन्नड ग्रंथ लिहिला. जमिनीत पाणी कुठे लागेल, झाडांची निगा कशी राखावी आणि अन्न कसे शिजवावे, हे सगळे त्या एकाच ग्रंथात आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिसऱ्या मंगरसाने पद्यात ‘सूपशास्त्र’ रचले. त्यात वांगे, फणस आणि केळे यांच्या पदार्थांना वेगळी जागा आहे. शेत आणि चूल यांची फारकत झालेली नव्हती त्या काळात पाकशास्त्र असे लिहिले जाई. आज गच्चीवर ती फारकत थोडीशी मिटते, म्हणून मला हे जुने ग्रंथ फार जवळचे वाटतात.

आता मराठीकडे येतो. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली किर्लोस्करांनी काढले आणि सांगलीच्या या बाई लाखभर सुनांच्या सासूबाई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांनी मापे वाटी-चमच्यांत दिली. माझी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणे हे माझे रोजचे काम होते, आणि तरीही मी वाटीच्या बाजूने बोलतो. कारण वाटी प्रमाण सांगते. दोन वाट्या चिरलेल्या भाजीला अमुक चमचे डाळ, हे एकदा कळले की पाऊण वाटी भाजीचेही गणित घरचे शेंडेफळसुद्धा मांडू शकते. सहा भेंड्यांच्या घरात असेच माप लागते. मराठी स्वयंपाकात थोड्या भाजीला पुरवठ्याला आणण्याच्या युक्त्या भरपूर आहेत: पीठ पेरणे, भिजवलेली डाळ घालणे, ताकात शिजवणे. ज्या पुस्तकात या युक्त्या नीट सांगितल्या आहेत ते गच्चीवाल्याने सोडू नये. बेंगळुरूत मराठी पुस्तके सहज मिळत नाहीत. पुण्याला गेलो की अप्पा बळवंत चौकात, नाहीतर बेळगावला घरी गेलो की तिथे, मी ती घेतो.

मराठी पुस्तक इथे वापरताना थोडे हिशेब बदलावे लागतात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. मुंबईच्या पुस्तकाने सांगितलेल्या वेळेत इथे झाकण ठेवून शिजवलेली डाळ किंचित कच्ची राहते. कुकरमध्ये हा फरक जवळजवळ भरून निघतो. आंबवण्याच्या पिठाला डिसेंबर-जानेवारीत जास्त तास द्यावे लागतात. हंगामांचे वेळापत्रकही वेगळे. मेथी-पालकासाठी महाराष्ट्राइतकी थंडीची वाट पाहावी लागत नाही. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मोठ्या पावसात पालेभाजी कुजू नये म्हणून जपावे लागते.

सर्वांत मोठा बदल पाण्याचा. नुकत्याच तोडलेल्या भाजीत पाणी भरपूर असते आणि तंतू अजून निबर झालेले नसतात. बहुतेक पुस्तके बाजारातल्या, दोन दिवस प्रवास केलेल्या भाजीसाठी लिहिलेली असतात. त्यांत सांगितलेले अर्धी वाटी पाणी घरच्या पालकात घातले की भाजीचे कालवण होते. आमच्या शेजारच्या अज्जी भाजी चिरताना दिसल्या की मला बजावतात, “सोप्पिगे नीरु हाकबेडी.” पालेभाजीत पाणी घालू नका. जे पुस्तक ‘पाणी लागल्यास हबका मारावा’ असे लिहिते, ते लिहिणाऱ्याने ताजी भाजी शिजवलेली आहे हे मी समजतो.

इथल्या मातीत भाजी लावायची तर इथल्या स्वयंपाकाचे एक तरी पुस्तक हवेच. कन्नड वाचता येत नसेल तर मधला दुवा म्हणून ‘रसचंद्रिका’ आहे. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाचे हे पुस्तक मुळात मराठीत निघाले, पुढे इंग्रजीतही आले. चित्रापूर सारस्वतांचा हा स्वयंपाक कारवार-कानडा किनाऱ्यावरचा, त्यामुळे पाने, साली, देठ काहीच वाया जात नाही. कोवळ्या पानांची तंबळी, म्हणजे पाने तुपात परतून खोबऱ्यासह वाटून ताकात कालवायची, ही कुंडीतल्या ओव्याच्या पानांना न्याय देणारी गोष्ट आहे. तमिळमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांचे १९५१चे ‘समैत्तु पार’ आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद मिळतो. नवशिक्याच्या हाताला धरून सांगणारे ते पुस्तक सांबार आणि कूट्टूसाठी मी सुचवतो, कारण चार भाज्या थोड्या-थोड्या आल्या की त्या एकत्र नांदवायला याहून सोपी वाट नाही.

आणि पालेभाजी एकदम अंगावर आली की जुन्या म्हैसूर भागाचे बस्सारु. तूरडाळ किंवा चवळी अर्धी शिजली की तिच्यात माठ, राजगिरा, शेपू, जो पाला असेल तो घालायचा आणि बोटचेपा झाला की पाणी निथळून घ्यायचे. निथळलेल्या डाळ-पाल्याला लसूण-मिरचीची फोडणी आणि ओले खोबरे, ही झाली कोरडी भाजी. त्या पाण्यात भाजलेला कांदा, लसूण, मिरी, जिरे, खोबरे, चिंच आणि थोडा शिजलेला पाला यांचे वाटण घालून उकळले की सारु. सोबत नाचणीचे मुद्दे. एकाच तोडणीतून दोन पदार्थ निघतात आणि जुडीतले काही टाकावे लागत नाही. कर्नाटकाच्या स्वयंपाकाचे म्हणवणाऱ्या ज्या पुस्तकात बस्सारु नाही, त्यावर मी पैसे घालत नाही.

एक गोष्ट मी प्रत्येक पुस्तकात मुद्दाम पाहतो: धोक्याची सूचना. दुधी, दोडका, काकडी यांच्यात कधी कधी कुकुरबिटासिन हे कडू विषारी द्रव्य वाढते. वेलीला उन्हाचा, पाण्याचा ताण पडला की जास्तच. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. शिजवल्याने हे विष जात नाही. घरच्या दुधीचा लहानसा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागला तर फळ सरळ टाकून द्यावे, कितीही मायेने वाढवलेले असले तरी. अळूचेही तसेच. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून चिंच, आंबट चुका किंवा ताक लागते आणि शिजवायलाही भरपूर लागते. चिंच ‘चवीपुरती’ असे लिहिणाऱ्या पुस्तकापेक्षा ती का घालायची हे सांगणारे पुस्तक वाचकाची काळजी करते.

टोमॅटो एकदम पिकले की काय करायचे, हेही पुस्तकात असावे. पिकलेला टोमॅटो बारा अंशांखाली ठेवला की त्याचा वास मरतो, म्हणून फ्रीजमध्ये ढीग लावण्याऐवजी आटवून गोज्जु किंवा ठेचा करून ठेवावा.

डिसेंबर लागला की बेंगळुरूत अवरेकाई येते. आपल्या पावट्याची ही थोरली बहीण. मागडीकडच्या शेंगांचा वास धुक्यात घमघमतो. व्ही. व्ही. पुरममधल्या सज्जनराव सर्कलजवळ वर्षानुवर्षे तिचा मेळा भरत आला. गच्चीवर मांडव करून एक वेल चढवली तरी घरापुरत्या शेंगा मिळतात. मराठी पुस्तकात अवरेकाई सापडत नाही, पण डाळिंब्यांची उसळ असतेच, आणि तिच्यावरूनच पुढे जाता येते. ओले दाणे काही तास पाण्यात ठेवायचे, मग अंगठा आणि बोटात धरून दाबायचे, की साल सुटून आतली डाळ बाहेर उडी घेते. मोड आणायची गरज नाही. बाकी फोडणी, ओले खोबरे, आमसूल ‘रुचिरा’प्रमाणेच. कुकरला मात्र लावू नये, पीठ होते. उघड्या कढईत बेताच्या पाण्यात दाणा मऊ पडेपर्यंत शिजवावे आणि गूळ नेहमीपेक्षा कमी घालावा, कारण ताजी अवरे मुळातच गोड असते.