गाडी बंद पडते तेव्हा

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो आणि गाडी बंद पडली. आचका नाही, गचका नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तशी. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून ट्रकचा हॉर्न, शेजारी सौभाग्यवतींचा जीव मुठीत. इंजिन थांबलं की ब्रेकला हलकेपणा देणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच उरतो, हे कधीतरी ऐकलं होतं. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबला आणि गाडी कशीबशी कडेला लावली. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली, तर काही घडलंच नाही अशा थाटात सुरू!

महिन्याभरात आणखी दोनदा हेच झालं. गॅरेजमध्ये प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंपही बदलला. स्कॅनरमध्ये एकही दोष नोंदलेला नव्हता. तिथे गाडी पाहुण्यांसमोरच्या मुलासारखी शहाणी वागे. शेवटी गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, विकून टाका. चालू गाडीत घेणाऱ्याला काय कळतंय?"

गिऱ्हाईकही आलं. पंचविशीतला मुलगा, पहिलीच गाडी, घरात तान्हं बाळ. आमची उभी हयात बँकेत गेली. थकीत खातं पुढच्या अधिकाऱ्याच्या गळ्यात मारून बदली घेणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना मनसोक्त नावंही ठेवली आहेत. त्या मुलाला म्हटलं, "पंधरा दिवस थांब."

आमच्या पेठेत एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "आचके देत बंद पडते, की एकदम?"

"एकदम."

"पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी ओढ सोडते, आचके देते. एकदम मरते म्हणजे बहुधा विजेचं दुखणं. आता वही घाला, साहेब. आणि बंद पडेल त्या क्षणी आरपीएमचा काटा बघा. घाटात जाऊ नका, मोकळ्या रस्त्यावर फिरवा."

वही घालणं हा आमचा जन्माचा धंदा! तारीख, वेळ, ऊन, किती मिनिटं चालली, किती वेळाने पुन्हा सुरू झाली, सगळं लिहिलं. सकाळी गाडी कधीच बंद पडत नव्हती. दुपारी मात्र चाळीसेक मिनिटांनी हमखास. एकदा उतारावर बंद पडली. गाडी गिअरमध्ये होती, म्हणजे चाकांच्या ओढीने इंजिन फिरत होतं. तरी काटा शून्यावर!

वही वाचून मिस्त्री हसले. "इंजिन फिरतंय, पण ते कॉम्प्युटरला कळत नाही."

क्रँकशाफ्टजवळ बोटाएवढा एक सेन्सर असतो. इंजिन कुठल्या क्षणी कुठल्या स्थितीत आहे, हे तो कळवतो. त्यावरूनच पेट्रोल केव्हा सोडायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे ठरतं. त्याची खबर थांबली की दोन्ही बंद. आमच्या सेन्सरमधली बारीक तार तापली की सुटत होती आणि निवली की जुळत होती. मिस्त्रींनी तो काढून मीटरला जोडला. आकडा ठीक होता. मग त्यावर गरम हवेचा झोत सोडला. थोड्या वेळात मीटरने तार तुटल्याचं दाखवलं. नवा भाग त्यानंतरच मागवला.

मला आमचं इन्स्पेक्शन आठवलं. साहेब येणार हे आधी कळलं की सगळी लेजरं कशी चोख असायची! दोष पाहायचा, तर तो जागा असतानाच गाठावा लागतो. थंड इंजिनात तो सापडणार कसा?

सेन्सर बदलल्यावर ऐन दुपारी दोन-दोन तास गाडी फिरवली. ती एकदाही थांबली नाही. मग त्या मुलाला बोलावून वही पुढे ठेवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि पाच हजार कमी करून मागितले. मी केले. वहीही गाडीबरोबर दिली.

संध्याकाळी रिकाम्या जागेकडे पाहत सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दुरुस्त झाली होती, तर विकलीत कशाला?"