'फुल' विम्यातली रिकामी जागा

२०२४ च्या डिसेंबरात मी, पत्नी आणि आमचा थोरला मुलगा असे तिघे शारजाला गेलो होतो. तिथे माझा भाचा नोकरी करतो. चार दिवस फिरायचे म्हणून त्याने भाड्याची मोटार ठरवली. दुकानातल्या पोराने कागद पुढे सरकवला आणि भाचा म्हणाला, "मामू, फुल इन्शुरन्स है. फिकर नको करो."

थोरल्याने पेन उघडलेसुद्धा. मी म्हणालो, "थांब. आधी वाच, काय काय भरून मिळतं ते." भाचा हसला. त्याला वाटले, पाथरीचा माणूस परदेशात आला की असाच भितो. मित्रहो, भीती खरीच होती. 'विमा' हा आपला शब्द फारसीतल्या 'बीमा'वरून आला आणि तिकडे 'बीम' म्हणजे भीती. माझ्या मनातली भीती मात्र शारजातली नव्हती, पाथरी-मानवत रस्त्यावरची होती.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. माझे चाचा सायकलवर मानवतकडे निघाले होते. मागून आलेल्या जीपने त्यांना उडवले. एक पाय गुडघ्यातून गेला. जीपचा विमा संपलेला होता. परभणीला दावा चालला, निकाल चाचांच्या बाजूने लागला, रक्कमही ठरली. पण देणार कोण? जीपवाला आमच्यासारखाच साधा माणूस. त्याने बैलजोडी विकली, थोडे पैसे दिले, पुढे त्याच्याकडेही काही उरले नाही. चाचांचे घर बसले आणि त्याचेही. तेव्हापासून विम्याचा कागद दिसला की मी पहिला प्रश्न विचारतो, 'समोरच्याचे काय?'

ह्या प्रश्नालाच कायद्यात 'थर्ड पार्टी' म्हणतात. पहिला मी, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा तो रस्त्यावरचा माणूस, ज्याने कुठेही सही केलेली नाही. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने हा विमा सक्तीचा झाला. आपल्याकडे आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. अमिरातीतही त्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही. म्हणजे भाड्याच्या गाडीला हा विमा असतोच. फक्त तो किती रकमेपर्यंत आहे, हे विचारावे. देशोदेशी त्यात फार फरक पडतो. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याची किमान रक्कम वेगळी आणि काही ठिकाणी ती फारच तोकडी.

दुसरी गोष्ट, आपण चालवत असलेल्या गाडीचे नुकसान. इथे कागदावर इंग्रजी अक्षरे दिसतात, सीडीडब्ल्यू. म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर. नीट पाहिले तर हा विमा नव्हेच. 'वेव्हर' म्हणजे माफी. गाडीचा मालक म्हणतो, अपघात झाला तर मी सगळे नुकसान तुझ्याकडून मागणार नाही. पण माफीला हद्द असते. त्या हद्दीला 'एक्सेस' म्हणतात. आमच्या कागदावर तो पंधराशे दिरहम होता. म्हणजे नुकसान पाच हजारांचे झाले तर पहिले पंधराशे आमचे, उरलेले त्यांचे. आणि नुकसान हजाराचेच झाले तर सगळेच आमचे. रोज थोडे जास्त पैसे भरले तर हा एक्सेस शून्यावर येतो. त्याला 'सुपर' म्हणतात. भाच्याने तो घेतला होता, म्हणून तो 'फुल' म्हणत होता.

आपल्याकडच्या पॉलिसीतही हे असते. साध्या मोटारीच्या दाव्यातून आपल्या वाट्याचे हजार किंवा दोन हजार आधी वजा होतात. आपण तो कागद वाचत नाही, एवढेच.

आता तिसरी गोष्ट, आणि खरी मेख इथेच आहे. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की काय काय भरून मिळणार नाही. टायर, काच, गाडीचा खालचा भाग, टप, हरवलेली किल्ली, चुकीचे भरलेले इंधन. कच्च्या रस्त्यावर किंवा वाळूत गाडी घातली तर काही नाही. कागदावर नाव नसलेल्याने चालवली तर काही नाही. दारू पिऊन चालवली तर अर्थातच नाही. परवानगीवाचून सरहद्द ओलांडली तर नाही. रास-अल-खैमाहून ओमानचे मुसंदम जवळच दिसते, पण तिकडे जायचे तर ओमानचा वेगळा विमा लागतो. आणि वेगाचा दंड, पार्किंगचा दंड कोणताच विमा भरत नाही. तो गाडी परत केल्यावरही आपल्या कार्डावरून वळता होतो. त्यासाठीच गाडी देताना काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतात.

परवान्याचेही असेच आहे. नुसता भारतीय परवाना घेऊन गेलेल्या पाहुण्याला अमिरातीत भाड्याची गाडी चालवता येत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आर.टी.ओ.तूनच मिळतो. थोरल्याने परभणीहून काढला. नमुना ४-अ, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. तो नसेल तर चालक बेकायदा ठरतो आणि चालक बेकायदा तर विम्याचा आधार गेला. म्हणून मी त्या परवान्याला विम्याचे पहिले पान म्हणतो.

एवढे वाचून आम्ही सही केली. गाडी घेताना थोरल्याने चहूबाजूंनी व्हिडिओ काढला, आधीचे ओरखडे कागदावर मांडून घेतले. तिसऱ्या दिवशी फुजैराच्या बाजूला हजर पर्वतात गेलो. डांबरी रस्ता संपला तिथून वाडी, म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा, अगदी जवळ होती. मुलाने गाडी खडीवर घातली. मी काही बोललो नाही. सगळे वाचून घेणारा मीच, पण मलाही पाणी बघायचे होते. टायर फाटला, रिंग वाकली.

मुलगा म्हणाला, "अब्बा, कडेच्या गॅरेजात ठोकून घेऊ, त्यांना कळणार नाही." पण तिथे अपघातात सापडलेली गाडी पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला दुरुस्त करूच शकत नाही आणि त्या कागदाशिवाय विम्याचा दावाही उभा राहत नाही. आमचे प्रकरण टायरचे होते, तरी मी म्हणालो, "आधी कंपनीला फोन." कंपनीने माणूस पाठवला. हिशोब झाला सातशे दिरहमचा, आपल्या सोळा हजारांच्या घरात. 'सुपर' घेतलेले असूनही सगळे आम्ही भरले. टायर बाहेर, कच्चा रस्ता बाहेर. तक्रारीला जागाच नव्हती, सही आमची होती.

भाचा त्या रात्री गप्प होता. मग त्याने १६ एप्रिल २०२४ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी अमिरातीत ७५ वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस झाला. रस्त्यांवर, तळघरांत गाड्या बुडाल्या. ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, त्यांना आपल्या बुडालेल्या गाडीचे त्यातून काही मिळणार नव्हते. त्याच्या खोलीतला एक मित्र त्यातलाच. तोही वर्षभर सांगत होता, माझा विमा आहे.

'विमा आहे' हे वाक्य किती अर्धे असते, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे एका रुपयात पीक विमा मिळाला. गारपीट झाली, शेत पाण्याखाली गेले तर ७२ तासांत कळवायची अट तेव्हा होती. ज्याला ती माहीत नव्हती, तो पावती हातात घेऊन फिरत राहिला. शारजातला पोलिसांचा कागद आणि आपले ७२ तास एकाच जातीचे. कधी कळवायचे, कोणाला कळवायचे, काय वगळले आहे, हे तीन प्रश्न विमा घेतानाच विचारायचे असतात. मुलाकडे अमेरिकेला जा, मुलीकडे दुबईला जा, नाहीतर इथे सोयाबीन पेरा, प्रश्न तेच.

परदेशी जाणाऱ्यांना आणखी एक सांगतो. भाड्याच्या गाडीचा विमा आणि आपल्या प्रवासाचा आरोग्य विमा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडीडब्ल्यू गाडीसाठी असते, त्यातून आपल्या हाडाला प्लास्टर लागत नाही.

पाथरीला परतलो आणि मित्रांना हे सारे रंगवून सांगितले. एकजण म्हणाला, "खानसाहेब, तुमच्या स्कूटरचा विमा कधीपर्यंत आहे?" मी घरी येऊन डिक्कीतला कागद काढला. मुदत संपून सात महिने झाले होते. सात महिने मी त्या स्कूटरवर शाळेसमोरून, बाजारातून, मानवतच्या रस्त्याने जात होतो. २०१९ पासून ह्या गुन्ह्याला पहिल्या वेळी दोन हजार दंड आहे, पण मला दंड आठवला नाही. मला चाचांची कुबडी आठवली. आणि प्रथमच तो जीपवालाही आठवला. तोही 'उद्या भरू' असेच म्हणत राहिला असेल.

त्याच दुपारी जाऊन विमा भरला. तुमच्याही गाडीतला कागद आज एकदा काढून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)