प्रत्यक्ष पाहिलं तरी पडताळून पाहा

गेल्या श्रावणात आमच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या. वय ७८. नशीब म्हणायचं, हाड मोडलं नाही, कपाळाला तीन टाके पडले एवढंच. आल्यागेल्याला आम्ही सांगत होतो, "वय झालंय, तोल गेला." सगळ्यांना ते पटलंही. खरं कारण मात्र वेगळं होतं आणि ते आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, स्टीलच्या डब्यात पडून होतं.

सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास जुना. बेळगावातल्या डॉक्टरांची गोळी वर्षानुवर्षं चालू. उन्हाळ्यात त्या दोन महिने मिरजेला लेकीकडे राहिल्या. तिथं एकदा रक्तदाब वाढला, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. परत येताना ती पिशवीतून आली. इकडची गोळी होतीच. मग "ही सकाळची आणि ही मिरजेची" अशा दोन गोळ्या रोज सुरू झाल्या. हळूहळू पाय सुजायला लागले, उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. आम्ही श्रावणातले उपवास आणि वय यांच्यावर ढकलून मोकळे झालो.

सासूबाई पडल्या त्या संध्याकाळी माझी धाकटी जाऊ भेटायला आली. ती गोकाकची, माहेरची भाषा कन्नड. तिनं डबा उघडून दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला हाक मारली, "अक्का, हे बघा. ठळक नाव वेगवेगळं आहे. पण बारीक अक्षरात दोन्हीकडं एकच लिहिलंय."

दोन्ही पट्ट्यांवर ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम! म्हणजे एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी रोज दुप्पट पोटात जात होतं. तसेच दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक बंद केली. काही आठवड्यांत पायांची सूज उतरली, अंधारीही गेली.

दोन्ही डॉक्टरांकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला आम्ही दाखवलीच नव्हती. मी ३२ वर्षं मराठी शाळेत मुलांना वाचायला शिकवलं. घरात दोन पदवीधर आहेत. आणि त्या पट्ट्या रोज माझ्याच हातातून जात होत्या! मला रंग दिसत होता, नाव दिसत होतं, पण मी वाचत नव्हते. जाऊबाई जाताना सहज म्हणाली, "आमच्यात म्हणतात ना अक्का, प्रत्यक्ष कंडरू प्रमाणिसि नोडु." प्रत्यक्ष पाहिलं तरी पडताळून पाहा. ती म्हण मी आयुष्यभर ऐकत आले होते. त्या दिवशी ती मला कळली.

सगळं सारखंच वाचायचं नसतं

तेव्हापासून मी स्वतःच्या वाचनाकडे जरा लक्ष देऊ लागले. लक्षात आलं की आपण सगळं एकाच चालीनं वाचतो. पुरवणीतली पाककृती, बँकेची नोटीस, औषधाची पट्टी आणि मोबाईलवरचा निरोप, सगळ्यांना तेवढीच नजर. जिथं पळायला हवं तिथं आपण रेंगाळतो आणि जिथं थांबायला हवं तिथं पळतो.

फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४६ साली विद्यार्थ्यांसाठी वाचनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या होत्या. आधी सगळ्यावरून एकदा नजर फिरवायची. मग स्वतःला प्रश्न विचारायचा की मला यातून काय हवं आहे. त्यानंतर वाचायचं. वाचून झालं की पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं, आणि शेवटी उजळणी. शाळेत असताना मी हे परीक्षेपुरतं शिकवत होते. आता घरात वापरते.

यातली दुसरी पायरी सगळ्यात मोलाची. प्रश्न मनात असला की डोळे आपोआप योग्य जागी जातात. हेस्कॉमचं बिल हातात आलं की मी आता आधी रक्कम बघत नाही. मागचं रीडिंग किती, आताचं किती आणि मीटरवर खरोखर किती आहे, हे तीन आकडे आधी बघते. बिस्किटाचा पुडा घेतला की पुढच्या बाजूचं गव्हाच्या लोंब्यांचं चित्र सोडून मागं वळते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियम आहे. पुढं 'गहू' मिरवणाऱ्या पुड्याच्या मागं पहिलं नाव मैद्याचं असेल, तर त्या पुड्यात सगळ्यात जास्त मैदा आहे. एवढं वाचायला अर्धा मिनिट पुरतो. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, हेही त्याच अर्ध्या मिनिटात कळतं.

चौथी पायरी म्हणजे मिटून सांगणं. सरकारी कागद वाचला की मी ह्यांना दोन वाक्यांत सांगते. सांगता आलं नाही, तर समजायचं की आपण नुसतेच डोळे फिरवले.

मोठं अक्षर, बारीक अक्षर

२०२४ साली आमचे दीर निवृत्त झाले. हातात एकदम रक्कम आली, आणि नेमकं त्याच आठवड्यात पेपरातून एक पत्रक घरात पडलं. 'पाच वर्षांत दामदुप्पट!' असं लाल अक्षरांत. दीर खूश. जाऊबाईनं पत्रक माझ्याकडे आणलं, कारण आता आमच्या दोघींची वाचनाची जोडी जमली होती.

आम्ही आधी आकडा तपासला. दामदुप्पटीचा एक जुना हिशेब आहे. ७२ ला वर्षांनी भागलं की चक्रवाढ व्याजाचा अंदाजे दर मिळतो. ७२ भागिले ५ म्हणजे १४.४. चौदा-पंधरा टक्के व्याज! तेव्हा मोठ्या बँका मुदत ठेवीवर सात टक्क्यांच्या आतबाहेर देत होत्या. मग दुप्पट दर देणारा स्वतः किती टक्क्यांनी कर्ज देत असेल आणि कोणाला, हा प्रश्न पत्रकात कुठंच नव्हता.

मग पैसे बुडाले तर काय, हे शोधलं. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून वाढली, त्याआधी ती १ लाख होती. विमा उतरवलेल्या सहकारी बँकाही त्यात येतात. पण पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था यांच्या ठेवींना हा विमा लागू नाही. पत्रक अशाच एका संस्थेचं होतं. 'सुरक्षित' हा शब्द त्यात तीनदा होता, 'विमा' एकदाही नव्हता.

पतसंस्था वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्या भागात पिढ्यानपिढ्या विश्वासानं चाललेल्या संस्था आहेत, त्यांच्या आधारावर कितीतरी घरं उभी राहिली. सांगायचं ते एवढंच की कागदावर जे लिहिलंय ते वाचावं आणि जे लिहिलेलं नाही तेही वाचावं. दिरांनी बरीचशी रक्कम दोन बँकांत विभागून ठेवली. थोडे दिवस नाराज होते, मग विसरले.

दोन भाषांचा फायदा

आपल्यासारख्या घरांना एक गोष्ट फुकटात मिळाली आहे, ती म्हणजे दोन भाषा. कधी कधी त्यांची गंमतही होते. घाटात 'अवसरवे अपघातक्के कारण' अशी पाटी असते. आमचा नातू लहान असताना म्हणाला, "आजी, संधी मिळाली की अपघात होतो?" मराठीत अवसर म्हणजे संधी, कन्नडात अवसर म्हणजे घाई. अनुमानाचंही तसंच. कन्नडात अनुमान म्हणजे शंका, मराठीत अनुमान म्हणजे विचारांती काढलेला निष्कर्ष. मला वाटतं, वाचणाऱ्याला दोन्ही लागतात. आधी कन्नड अनुमान करावं, मग मराठी अनुमान काढावं. आपण बरेचदा पहिलं गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतो.

या दोन भाषांचा खरा उपयोग मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाला. माझं माहेर चिकोडी तालुक्यात नदीकाठी. पुरात गाव निम्मं पाण्यात गेलेलं. मराठी पेपरात सगळा रोख अलमट्टीवर होता की पाणी अडवल्यामुळे फुगवटा आला. कन्नड पेपरात रोख कोयनेवर, की वरून पाणी सोडल्यामुळे आम्ही बुडालो. घरातच दोन तट पडायची वेळ आली. शेवटी भाऊ फोनवर चिडून म्हणाला, "ताई, दोष कुणाचा ते नंतर बघू. आज रात्री पाणी वाढणार का, तेवढं सांग."

मग मी दोन्ही पेपरांतली विशेषणं सोडून आकडे वहीत उतरवले. मराठीत 'आवक' आणि 'विसर्ग', कन्नडात 'ओळहरिवु' आणि 'होरहरिवु'. म्हणजे आत येणारं पाणी आणि बाहेर सोडलेलं पाणी. गंमत म्हणजे आकडे दोन्हीकडं जवळपास सारखेच होते. फक्त प्रत्येकानं आपल्या सोयीचा आकडा मथळ्यात घेतला होता आणि दुसरा आत ढकलला होता. एक हिशेब तेव्हा शिकले, तो आजही उपयोगी पडतो. एक लाख क्युसेक पाणी पूर्ण दिवसभर वाहिलं की ८.६४ टीएमसी होतं. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी. म्हणजे दोन लाख क्युसेक चोवीस तास वाहिलं, तर भरलेल्या कोयनेच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं पाणी एका दिवसात निघून जातं. 'महापूर', 'हाहाकार' या शब्दांनी हे कळत नाही. वरून येणारे आकडे अजून चढते आहेत एवढं दिसलं आणि मी भावाला म्हटलं, "गुरं आजच हलव." त्यानं हलवली.

कापलेला शेवट

पण सगळ्यात जपून वाचायचं ते मोबाईलवरचं. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीच्या निरोपांनी काय केलं ते आपण विसरू नये. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत हिंडणारे. पुढं दोन आठवड्यांच्या आत, १३ जुलैला, आपल्या कर्नाटकात बिदर जिल्ह्यातल्या मुरकी गावी हैदराबादच्या एका तरुणाचा तसाच जीव गेला. मित्रांनी लहान मुलांना चॉकलेट दिली, एवढ्यावरून संशय आला होता.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत बनवलेली होती. आईबापांनी मुलांवर लक्ष ठेवावं म्हणून तिथल्या एका संस्थेनं ती काढली. मूळ चित्रफितीत मोटारसायकलवाले मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, हातात समजावणीचा फलक धरतात. तो शेवट कुणीतरी कापला, आणि उरलं ते लोकांनी 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलं. खऱ्या-खोट्यात चार बोटांचं अंतर, म्हणजे कानाचं खोटं आणि डोळ्याचं खरं, असं आपण लहानपणी ऐकलं. आता डोळ्यालाही फसवता येतं.

मग करायचं काय? अमेरिकेत सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. इतिहासाचे १० पंडित, २५ विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासण्याचं काम करणारे १० जण, अशा ४५ जणांना त्यांनी इंटरनेटवरचा मजकूर तपासायला दिला. पंडितांपैकी बरेच जण तोच मजकूर पुन्हा पुन्हा बारकाईनं वाचत बसले आणि देखण्या मांडणीला फसले. तपासनिसांनी मात्र तो मजकूर लगेच बाजूला ठेवला आणि ही माणसं कोण, याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. कमी वेळात ते बरोबर उत्तराला पोचले. वाचताना मला जाऊबाईच आठवली. तिनं तरी काय केलं होतं? एका पट्टीकडे टक लावून न बघता दुसरी शेजारी आणून ठेवली.

व्हॉट्सॲपवर निरोपाच्या डोक्यावर दोन बाण दिसले, तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरत आलेला असतो. आमच्या घरच्या ग्रुपवर आता नियम आहे. दोन बाणांचा निरोप पुढं पाठवायच्या आधी पाठवणाऱ्यानं सांगायचं की हे कधीचं, कुठलं आणि दुसऱ्या कुठल्या भाषेतल्या पेपरात आलंय का. निरोपांची संख्या निम्म्यावर आली. कुणाचं काही अडलं नाही.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. पण पडल्यानंतर त्यांनी नातवाकडून वहीत मोठ्या अक्षरात औषधाचं बारीक नाव लिहून घेतलं. दर महिन्याला नवी पट्टी आली की चष्मा लावतात आणि रांगोळीचे ठिपके जुळवावेत तशी एकेक अक्षर जुळवून बघतात. परवा मी माझ्याच गुडघ्यांसाठी लिहून दिलेल्या गोळ्या घेऊन आले. पट्टी टेबलावर ठेवली तोच आतून आवाज आला, "बारीक अक्षर वाचलंस का गं?"

मी वाचलं नव्हतं. चष्मा शोधायला उठले.