दुखावलेला स्नायु आणि विश्रांतीची मर्यादा

गाडी चुकेल या धास्तीनें पुलाचा जिना चढत असतां एखाद्या गृहस्थाच्या पोटरींत एकाएकीं कळ येते. मागून कोणीं काठी मारली कीं काय, असें वाटून तो वळून पाहतो, तों मागें कोणीच नसतें! लंगडत घरीं आल्यावर मंडळींचा सल्ला ठरलेला असतो : तेल लावून चोळा, शेक घ्या आणि पंधरा दिवस पलंगावरून उतरूं नका. सल्ला मायेचा खरा. पण तो हिताचा आहे काय, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

स्नायु म्हणजे बारीक तंतूंची जुडी. तिला अवचित ताण बसला म्हणजे कांहीं तंतु तुटतात, आंत रक्त झिरपतें व सूज येते. तंतूंच्या कडेला एरव्हीं निद्रिस्त असलेल्या विशिष्ट पेशी असतात. अलेक्झांडर मॉरो यांनीं १९६१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. इजा होतांच या पेशी जाग्या होऊन नवे तंतु घडवूं लागतात. शेजारींच वणही तयार होत असतो. या वेळीं मापक हालचाल झाली तर नवे तंतु ओढीच्या दिशेनें नीट जुळतात. माणूस नुसता पडून राहिला तर स्नायु रोडावतो व ताठतो.

डेन्मार्कमधील संशोधकांनीं मांडीचा वा पोटरीचा स्नायु दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले. एकाचा व्यायाम दुखापतीनंतर २ दिवसांनीं सुरू केला, दुसऱ्याचा ९ दिवसांनीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, मध्यम प्रमाण पाहतां, पहिला गट ६२.५ दिवसांनीं खेळूं लागला. दुसऱ्यास ८३ दिवस लागले. एका आठवड्याच्या जादा विश्रांतीची किंमत जवळजवळ तीन आठवडे पडली!

तेव्हां पहिले एकदोन दिवस पाय उशीवर उंच ठेवावा, पट्टी बांधावी; चोळूं नये, शेकूं नये. मग बसल्याबसल्या घोटा हळूहळू वरखालीं करावा व घरांतल्या घरांत थोडें चालावें. पुढें भिंतीला धरून दोन्ही टांचा उचलाव्या. तें सुखानें जमलें कीं एकाच पायावर. धांवणें त्यानंतर. हात व दुसरा पाय यांचा व्यायाम मात्र पहिल्यापासून चालूं द्यावा. किंचित् दुखलें तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुखणें वाढलें असेल, तर आदल्या दिवशीं अतिरेक झाला असें समजून माप कमी करावें.

मात्र पायावर भारच देववत नसेल किंवा स्नायूंत खळगा लागत असेल, तर त्वरित डॉक्टरांस दाखवावें. पोटरी सुजून ऊन लागत असेल, तर शिरेंत रक्ताची गुठळी झाल्याचा संभव असतो; त्यांत धापही लागत असेल, तर क्षणाचाही विलंब नको.

बाकीच्यांनीं एवढेंच ध्यानांत धरावें कीं, विश्रांति हें औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. घरांतील दुखणाइताला तिसऱ्या दिवशीं हात देऊन उभें करणें, हीही शुश्रूषाच होय.