उपनगरात घर बघताना (भाग ६) : रोज काय ओलांडायचं?

गेल्या आठवड्यात आपण कार्पेट एरिया, मेंटेनन्स आणि पार्किंगचा हिशोब मांडला. तो सगळा इमारतीच्या आतला होता. आज फाटकाबाहेर पडू.

‘चांगली वस्ती’ म्हणजे काय, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: शाळा जवळ, बाजार जवळ, माणसं बरी. एजंटच्या तोंडी तर प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतं. पण रूळ, हायवे, नाले आणि डोंगर यांनी आपली उपनगरं उभी चिरली आहेत. इथे शंभर पावलांवरची शाळा रुळांच्या पलीकडे असली तर ती जवळ नसते. म्हणून कुणी सल्ला मागितला की मी आधी एकच प्रश्न विचारतो: घरातल्या प्रत्येकाला रोज काय काय ओलांडावं लागणार?

अंधेरी घ्या. कागदावर याच्याइतकं सोयीचं ठिकाण नाही. पश्चिम रेल्वे आहे, हार्बर आहे, मेट्रो आहे. पूर्वेला सीप्झ आणि एमआयडीसीतल्या नोकऱ्या, पश्चिमेला लोखंडवाला-वर्सोव्याची घरं. पण या दोन अंधेऱ्या जोडणाऱ्या गोखले पुलाची कथा आठवा. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ला धोकादायक म्हणून सगळा पूलच बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंचीच जुळेना. पूर्ण पूल वाहनांना मिळाला मे २०२५ मध्ये. मधली अडीच वर्षं पश्चिमेला घर आणि पूर्वेला शाळा असलेल्या घरांनी कशी काढली, ते त्यांनाच विचारा. पार्ल्याच्या नाहीतर जोगेश्वरीच्या पुलाने वळसा घालायचा, किंवा सबवेत रांग लावायची. आणि सबवेचा भरवसा काय? मोगरा नाल्याचं पाणी चढलं की पोलिस बॅरिकेड आडवं टाकतात आणि रिक्षावाले आपसूक मागे वळतात. अंधेरीत राहायचं असेल तर शाळा, नोकरी आणि आई-बाबांचा डॉक्टर, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी घराच्याच बाजूला हव्यात.

घाटकोपरचं नशीब पालटलं ते मेट्रोने. पूर्वी इथून अंधेरीला जायचं तर दादरला गाडी बदला, नाहीतर ३४० नंबरच्या बसमध्ये बसून साकीनाक्याचा ट्रॅफिक बघत राहा. ८ जून २०१४ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि मध्य रेल्वेवर राहून पश्चिमेला नोकरी करणं शहाणपणाचं ठरलं. त्याची किंमतही घाटकोपरच मोजतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला मेट्रोतून उतरलेला लोंढा जिन्यांवरून रेल्वेच्या पुलावर येतो, तेव्हा आपण पाऊल उचलायचं नसतं. मागचे लोक नेतात. ज्याचा मेट्रोशी काही संबंध नाही, त्यालाही पंतनगरला पोहोचायला याच गर्दीतून वाट काढावी लागते. पश्चिमेला असल्फ्याकडे चढावर घर बघत असाल तर आणखी दोन गोष्टी पाहा: पाणी किती वाजता आणि किती दाबाने येतं, आणि मागे डोंगर कापलेला आहे का. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्याच आझादनगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसं गेली होती.

बोरिवलीचं वैभव म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल दाराशी, सकाळच्या फेरीला कान्हेरीचा रस्ता. बिबट्या दिसला तर त्याचंही कौतुक करण्याची इथल्या लोकांना सवय झाली आहे. पण हेच जंगल भिंतही आहे. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर पाठीला पाठ लावून बसलेत. प्रत्यक्षात एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर घोडबंदरने फिरा, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. ठाणे-बोरिवली बोगदा आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता ही भिंत भेदणार आहेत. ते होतील तेव्हा होतील. उद्याच्या बोगद्याचे पैसे आज बिल्डरला मोजू नका.

लोकलच्या बाबतीत मात्र बोरिवली सुखी. गाड्या इथून सुटतात, बसायला मिळण्याची आशा असते. विरारहून आलेल्या गाडीत चढायचा हट्ट धरला तर दरवाजातले लोक काय ऐकवतात, ते नवख्याला पहिल्याच दिवशी कळतं. शिवाय जानेवारी २०२३ पासून मेट्रो-२अ आणि मेट्रो-७ पूर्ण धावू लागल्यामुळे अंधेरीपर्यंत रेल्वेवाचून जाता येतं. पण २अ लिंक रोडवरून जाते आणि ७ हायवेवरून. म्हणजे एक्सर किंवा मागाठाण्याचं जे घर कालपर्यंत ‘स्टेशनपासून लांब’ होतं, ते आता जवळचं झालं आहे. जुन्या मोजपट्टीने बोरिवली मोजू नका.

मुलुंड निवांत. पाच रस्त्याच्या भोवतीचे रस्ते आखीव, झाडी टिकून, नाटकाला कालिदास नाट्यमंदिर. वेशीवरचं असल्याने इथला अडथळा बरीच वर्षं नाक्याचा होता. पूर्वेचं हरिओम नगर मुंबई महापालिकेच्या हद्दीत, पण टोलनाक्याच्या पलीकडे; आपल्याच शहरात शिरायला टोल! ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि तो जाच संपला. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं, पण कांजूरचं सुरू आहे. पूर्वेला घर घेताना रात्री खिडकी उघडून वास घ्यावा. गाडीचं म्हणाल तर कल्याण-डोंबिवलीची गाडी इथे भरून येते. ठाण्याहून सुटणारी धीमी पकडणाऱ्याचंच मुलुंडशी जमतं.

आणखी एक गोष्ट ओलांडावी लागते, ती नकाशावर नसते. घाटकोपर-मुलुंडच्या काही सोसायट्यांत ‘काय करता?’च्या आधी ‘काय खाता?’ असं विचारतात. दारातच ते विचारलं गेलं तर वाद घालत बसू नका, पण तिथे घरही घेऊ नका. रोज मासे तळताना खिडकी बंद करावी लागत असेल तर ती वस्ती आपली नव्हे.

मग निवड करायची कशी? घर रविवारी दुपारी दाखवतात, तेव्हा सगळीच वस्ती गुणी असते. तुम्ही सोमवारी सकाळी साडेआठला जा आणि फाटकापासून प्लॅटफॉर्मवर पाय टेकेपर्यंत घड्याळ लावा. जोराचा पाऊस झाला की पुन्हा जा. वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला पाणी कुठवर आलं ते विचारा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जुन्या दुकानदाराला त्या दिवशीची खूण बोटाने दाखवता येते. गल्लीतल्या किती इमारती रिडेव्हलपमेंटला निघाल्यात ते मोजा, कारण तेवढी वर्षं धूळ, डम्पर आणि ड्रिलचा आवाज तुमच्या वाट्याला आहे.

चारही उपनगरं चांगली आहेत. ज्याला तिथे रोज कमीत कमी ओलांडावं लागतं, त्याच्यासाठी. घरातल्या सगळ्यांची ही यादी कागदावर लिहून झाल्याशिवाय टोकनचा चेक फाडू नका.

(पुढील आठवड्यात : अकरा महिन्यांचा करार आणि डिपॉझिटच्या अटी)