मूर्तीच्या एका छायाचित्राचा प्रवास

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांतील गणपतीच्या कारखान्यांतून मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याकडे मूर्तीचे छायाचित्र रवाना करावयाचे झाले, म्हणजे ते बहुधा एकाच कंपनीच्या संदेशसेवेतून जाते. वास्तविक ज्याचे नियम सर्वांना खुले आहेत, ज्याचा सर्व्हर कोणीही चालवावा आणि ज्यात निरनिराळ्या सेवांच्या ग्राहकांनी ईमेलप्रमाणे परस्परांशी बोलावे, असा एक्सएमपीपी हा प्रोटोकॉल जेरेमी मिलर यांनी १९९९ सालीच ‘जॅबर’ या नावाने जगापुढे ठेवला होता. गूगलने २००५ साली आपली ‘टॉक’ सेवा त्याच पायावर उभारली. २०१३ मध्ये ‘हँगआउट्स’ आणताना मात्र ती वाट सोडली.

यात कंपन्यांचा स्वार्थ आहेच; परंतु प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे हाल त्याहून कमी चर्चिले जातात. तेच छायाचित्र पाहा. एक्सएमपीपीचा गाभा लहान आहे; छायाचित्र सर्व्हरवर ठेवण्याची तजवीज ३६३ क्रमांकाच्या पुरवणीत, कारखानदाराच्या दुसऱ्या फोनवर संदेशाची प्रत उमटण्याची २८० मध्ये, जुना पत्रव्यवहार परत मिळण्याची ३१३ मध्ये, रेंज गेल्यावर तुटलेला संवाद सांधण्याची १९८ मध्ये आणि गुप्ततेची ३८४ मध्ये! अशा पुरवण्या चारशेंहून अधिक, आणि बहुतेक ऐच्छिक. त्यातही ३८४ ची नवी आवृत्ती जुनीशी जुळत नाही, म्हणून कित्येक ॲप जुनीलाच धरून आहेत. साच्याचा पुढचा भाग एका कारखान्याने व मागचा दुसऱ्याने आपापल्या मापाने घडवला, तर सांधा जुळावा कसा? व्यापाऱ्याला छायाचित्र उघडत नाही एवढेच दिसते, आणि दोष दुसऱ्याच्या सर्व्हरचा असला तरी तक्रार ॲप लिहिणाऱ्याच्या माथी येते.

२०१४ मध्ये आलेल्या ‘मॅट्रिक्स’ या अशाच खुल्या प्रोटोकॉलने दुसराच बिकट प्रश्न ओढवून घेतला. तेथे गटाचे दप्तर प्रत्येक सहभागी सर्व्हरवर असते. संपर्क तुटला असता एका सर्व्हरने ज्या सभासदास काढले त्यालाच दुसऱ्याने अधिकार दिले, तर कोणाचा हुकूम कायम धरावा, हे ठरविणारी रीत एकाहून अधिक वेळा बदलावी लागली.

खुलेपणा म्हणजे ऐच्छिकपणा, ही समजूत माझ्या मते घातक आहे. गाभा थोडका पण सक्तीचा हवा. एक्सएमपीपीचे कार्यकर्ते कोणत्या पुरवण्या अवश्य पाळाव्यात याची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतात, परंतु तिला अंमलबजावणीचे बळ नाही. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल बाजारपेठ कायद्याने मोठ्या संदेशसेवांना इतर सेवांसाठी दार उघडणे बंधनकारक केले. भारतात असे बंधन अद्याप नाही. आणि उद्या ते आले, तरी छायाचित्र, प्रत, पत्रव्यवहार व गुप्तता यांचे नियम त्याच मसुद्यात सक्तीचे झाले पाहिजेत.